‘आमच्याकडे तर चालतंय’ म्हणून टिकेट बंद करू नका

या महिन्यात इंटरव्ह्यू, पगार, नोकरी बदलणं हे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले, कारण एकाच विषयावर पत्रांवर पत्रं आली. सॉफ्टवेअर रिलीज झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा पूर, आता करायचं काय. तीन पत्रं कंपनीच्या आतून आलीत आणि एक दुकानाच्या गल्ल्यावरून. नावं न छापता चारही देतेय.

प्रश्न : ताई, मी मालाडला एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. आमचं दुकानदारांसाठी बिलिंगचं ॲप आहे. शुक्रवारी संध्याकाळी नवीन व्हर्जन सोडलं आणि शनिवार सकाळपासून व्हॉट्सॲपवर नुसता भडिमार, ‘ॲप चालत नाही’, ‘काय करून ठेवलंत’, अर्धे लोक तर व्हॉइस नोट पाठवतात, मागे टेम्पोचा आवाज, काही कळत नाही. मी टिकेट टाकते, म्हणजे तक्रारीची नोंद करते, डेव्हलपर उघडून बघतात, म्हणतात आमच्याकडे तर चालतंय, आणि बंद करतात. दादरच्या फुलबाजारातले एक काका आहेत, त्यांच्या बिलावर कधी कधी कालची तारीख येते. कितीदा सांगितलं त्यांनी, प्रत्येक वेळी टिकेट बंद. आता काका मला म्हणतात, पोरी तू पण त्यांच्यातलीच. काय करू?

उत्तर : काकांपासूनच सुरू करूया, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल जेवढं आहे तेवढ्यावरूनही बराच अंदाज येतोय. फुलबाजार पहाटे अंधारात भरतो, नाशिक-पुण्याकडचा माल उतरतो आणि उजाडायच्या आत काकांचा निम्मा धंदा झालेला असतो. आता दुसरी गोष्ट अशी की बहुतेक सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर लावलेलं असतं, म्हणजे ढोबळमानाने ग्रीनिचची वेळ, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. मुंबईत रात्री बाराला तारीख बदलते तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, त्याची तारीख बदलते ती आपल्या पहाटे साडेपाचला. मधल्या वेळात कोणी बिल फाडलं आणि तुमच्या कोडने तारीख सर्व्हरकडून जशीच्या तशी उचलली, की बिलावर कालची तारीख. सहा वाजता फाडलेलं बिल एकदम बरोबर. म्हणून काकांना ‘कधी कधी’ होतंय आणि अकराला ऑफिसात येणाऱ्या डेव्हलपरला कधीच होत नाहीये.

तुमचा कोड मी बघितलेला नाही, पण तपासायला दहा मिनिटंही लागू नयेत. रात्री बारा ते साडेपाच या वेळातली सगळ्याच दुकानांची बिलं काढायला सांगा आणि साडेपाचनंतरची वेगळी काढा. पहिल्या गठ्ठ्यात तारखा चुकलेल्या आणि दुसऱ्यात सगळ्या ठीक असं निघालं तर चोर सापडला. फोनचं घड्याळ मागेपुढे करून टेस्ट करत बसू नका, तारीख सर्व्हर देत असेल तर फोनचा संबंधच नाही. आणि हे किरकोळ आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना परळला हॉस्पिटलांच्या आसपास चोवीस तास उघडी असणारी मेडिकलची दुकानं आठवायला सांगा. एक तारखेला रात्री दोन वाजता फाडलेलं बिल आदल्या महिन्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये जाऊन बसेल, आणि एक एप्रिलला तर आदल्या आर्थिक वर्षात. काकांची उधारीची वही चुकते तेव्हा काका ओरडतात, त्या मेडिकलवाल्याला मात्र सीएने फोन करेपर्यंत पत्ताच लागणार नाही. एका तक्रारीमागे असे किती गप्प बसलेले लोक असतील ते बघणं हे खरं काम, आणि ते टिकेट बंद करून होत नाही.

‘आमच्याकडे होत नाही’ याचा अर्थ एवढाच की गिऱ्हाइकाकडची परिस्थिती अजून तुम्हाला जुळवता आलेली नाहीये. यावर मी इतका जोर का देते ते सांगते. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर रेडिएशन द्यायचं मशीन होतं, कॅनडात बनलेलं. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस गेला, त्यात काहींचा जीव गेला. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावात असा अपघात झाला तेव्हा कंपनीचे इंजिनिअर आले, तपासलं, त्यांना काहीच सापडलं नाही, मशीन परत सुरू झालं आणि काही आठवड्यांत तिथेच दुसरा अपघात. मग हॉस्पिटलचा फिजिसिस्ट आणि मशीन चालवणारी बाई दोघं बसले आणि तिने त्या वेळी काय काय दाबलं होतं ते पुन्हा पुन्हा करून बघितलं, तेव्हा कुठे कळलं की चुकीचा मोड टाकून तो आठेक सेकंदांच्या आत दुरुस्त केला तरच गडबड होते. तिचा हात रोजच्या सवयीने सराईत झालेला, तपासणारे मात्र हळूहळू, जपून टाइप करत होते, त्यांना ते दिसणारच नव्हतं. जो माणूस ते रोज वापरतो त्याच्या हातात आणि वेळेत जी माहिती असते ती ऑफिसात कोणाकडेच नसते, म्हणून त्याचं म्हणणं आधी खरं धरायचं आणि तपासायला लागायचं.

आता ‘ॲप चालत नाही’ वाल्यांचं. त्यांना फॉर्म पाठवू नका, दुकानात गर्दी असताना कोणी भरत नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा, तोही त्यांच्या बोलीत. काका, शेवटचं काय दाबलं होतंत? मग समोर काय आलं? तेव्हा नेट कसं होतं, गाळा तळघरात आहे का? मस्जिद बंदरला आतल्या गोडाऊनात रेंज जाते-येते, तिथे ‘सेव्ह’ दाबल्यावर चक्र फिरत राहतं, माणूस परत दाबतो आणि दोन बिलं बनतात, हे ऑफिसच्या वायफायवर बसून जन्मात दिसत नाही. व्हॉइस नोटचा तिटकारा करू नका, त्यात बऱ्याचदा लिहिलेल्यापेक्षा जास्त सांगितलेलं असतं आणि मेसेजवर वेळ असते, त्या वेळेवरून सर्व्हरचा लॉग (त्याने आपोआप ठेवलेल्या नोंदी) काढता येतो. ॲपचं व्हर्जन कोणतं, फोन कोणता, अँड्रॉइड कितवं हे मात्र दुकानदाराला विचारायचं नाही, ते तक्रारीचं बटण दाबल्यावर ॲपनेच सोबत पाठवायला हवं. मॅनेजरकडे हीच मागणी पहिली करा, छोटं काम आहे आणि तुमचे रोजचे तास वाचतील.

दुसरी मागणी अशी की टिकेट बंद करायचा हक्क सपोर्टकडे हवा. डेव्हलपरने फार तर ‘अजून सापडलं नाही, अमुक माहिती हवी’ असं लिहावं, बंद तेव्हाच जेव्हा गिऱ्हाईक म्हणेल की हो आता ठीक आहे. आणि जमलं तर एका डेव्हलपरला पहिल्या लोकलने दादरला घेऊन जाच. काकांच्या बाजूला उभा राहून त्याने एक बिल फाडलेलं बघितलं तर तुमचे दहा मेल लिहायचे वाचतील.

काकांना आजच फोन करा. ‘तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय, पहाटेच्या बिलांनाच होतंय असं वाटतं, बुधवारी मी स्वतः कळवते’ एवढं सांगा, आणि बुधवारी काम झालेलं नसलं तरी फोन कराच. न झालेल्या कामाचा फोन टाळला की माणूस तुटतो.

प्रश्न : मी ऐरोलीला डेव्हलपर आहे. रिलीजनंतर आमचे साहेब प्रत्येक टिकेटवर ‘अर्जंट’ लिहितात, मग हॉटफिक्सवर हॉटफिक्स, म्हणजे घाईघाईत सोडलेल्या दुरुस्त्या. मागच्या वेळी प्रिंटरचा बग (सॉफ्टवेअरमधली चूक) सुधारायला गेलो तर उधारीचा रिपोर्ट बिघडला. टीममध्ये दोन गट पडलेत, एक म्हणतो जुन्या व्हर्जनवर परत जाऊ, दुसरा म्हणतो पुढेच दुरुस्त करत राहू. नक्की क्रम काय धरायचा?

उत्तर : सगळंच अर्जंट असेल तर जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याचं आधी होतं, आणि तो क्रम बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रत्येक टिकेटवर दोन वेगळ्या गोष्टी लिहा, नुकसान किती मोठं आणि ते किती जणांना होतंय. साहेबांनी त्यानंतर खुशाल ठरवावं.

माझा क्रम विचाराल तर सगळ्यात वर ते, ज्यात एका दुकानदाराला दुसऱ्याची गिऱ्हाइकं किंवा बिलं दिसली. तिथे बाकी सगळं थांबवायचं, ते फीचर बंद करायचं आणि मालकांना उठवायचं, कारण सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावं लागतं. त्याखाली चुपचाप आकडे चुकवणारे बग. ॲप बंद पडलं तर ते दिसतं, माणूस परत उघडतो, वैतागतो, तक्रार करतो. पण उधारीच्या बेरजेत रोज थोडं थोडं चुकत असेल तर कोणी ओरडत नाही आणि घाण साठत जाते. अशा बगमध्ये कोड सुधारला म्हणजे काम झालं असं समजणारे फार भेटतात, तोपर्यंत चुकीच्या लिहिल्या गेलेल्या नोंदी कोण दुरुस्त करणार आणि त्या दुकानदारांना कोण सांगणार? हे त्याच टिकेटमध्ये यायला हवं. मग येतात धंदा अडवणारे बग, मग ज्यांना दुसरी वाट आहे ते, आणि बटणाचा रंग वगैरे पुढच्या रिलीजला.

मागे जायचं की पुढे, यावर माझं मत असं की मागे जाणं आधीच करून बघितलेलं असेल तर मागे जा. न करून बघता ऐन वेळी मागे जाणं हेही धोक्याचंच. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काम करणाऱ्या नाइट कॅपिटलचं १ ऑगस्ट २०१२ ला हेच झालं. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एक राहून गेला, आणि त्या एकावर पूर्वीचा, वापरात नसलेला कोड जागा होऊन भराभर ऑर्डरी टाकायला लागला. घाईघाईत त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा, बरोबर असलेला कोड काढला, म्हणजे आता आठही बिघडले. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. तेव्हा आधी नक्की कुठे काय चाललंय ते बघा आणि मग हात लावा. तुमच्या रिलीजमध्ये डेटाबेसचे कॉलम (माहिती साठवायचे रकाने) बदलले असतील तर जुनं व्हर्जन नव्या डेटावर चालेल का हे रिलीजच्या आदल्या आठवड्यात तपासायचं असतं, तक्रारी आल्यावर नाही.

मोबाईल ॲपचं आणखी एक. प्ले स्टोअरवर तुम्ही रोलआउट, म्हणजे नवं व्हर्जन देणं, थांबवलं तरी ज्यांच्या फोनमध्ये नवं व्हर्जन उतरलंय ते तसंच राहतं, जुना कोड वरच्या व्हर्जन नंबराने परत पाठवावा लागतो. म्हणून मुळात सगळ्यांना एकदम द्यायचंच नाही. ॲपलच्या ॲप स्टोअरवर टप्प्याटप्प्याने द्यायची सोय आहे, सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि मग १०० टक्के, मध्ये थांबवताही येतं. प्ले स्टोअरवर टक्के तुम्हीच ठरवता. एक टक्क्यावर बग सापडला तर थोड्या लोकांची माफी मागायची असते.

१९ जुलै २०२४ आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीचा एक अपडेट सगळीकडे एकदम गेला, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवून बसली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. कंपनीने तो अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतला होता, तरी उपयोग झाला नाही, कारण जी मशीन पडली ती उठेचनात, बऱ्याच ठिकाणी माणसाने जाऊन एकेक उघडावं लागलं. त्यानंतर त्यांनीही असे अपडेट टप्प्यांनी द्यायला सुरुवात केली. योगायोग बघा, तो वारही शुक्रवारच. कधी कधी तारीख आपल्या हातात नसते हे मान्य, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा सगळ्या बिलिंगवाल्यांना त्या दिवशी तयार असणं भागच होतं. पण एरवी शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून सपोर्टच्या मुलांना शनिवार-रविवार एकटं सोडायचं हे मला अजिबात पटत नाही.

हॉटफिक्सबद्दल थोडक्यात. गिऱ्हाइकाकडे जे व्हर्जन चालू आहे नेमकं तेच घ्या, त्यावर एकच दुरुस्ती करा, अर्धवट शिजलेलं दुसरं काही त्यात मिसळू नका, आणि कितीही घाई असली तरी दुसऱ्या कोणीतरी ती वाचल्याशिवाय सोडू नका. उधारीचा रिपोर्ट बिघडला कारण बिल, प्रिंट, उधारी, रिटर्न या चार जागा प्रत्येक बदलानंतर आपोआप तपासणारं तुमच्याकडे बहुधा काही नाही. चारपासूनच सुरुवात करा, पण करा.

प्रश्न : ताई, ठाण्याहून लिहितोय, मी टेस्टर आहे. प्रॉडक्शनला, म्हणजे गिऱ्हाइकांकडे चालू असलेल्या व्हर्जनमध्ये, बग सापडला की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पहिला प्रश्न मला, ‘तू हे पास कसं केलंस?’ आता मी इतका घाबरतो की टेस्ट पास झाल्याची सही करायच्या आधी हात थरथरतो. नोकरी सोडू का?

उत्तर : लगेच सोडू नका. पण हा प्रश्न मीटिंगमध्ये बदलून घ्यायचा प्रयत्न जरूर करा, आणि तो तुम्ही एकट्याने नाही तर तुमच्या लीडने करावा. ‘कोणी पास केलं’ ऐवजी ‘कुठल्या टप्प्यावर हे पकडता आलं असतं’ असं विचारलं की खोलीतली सगळीच माणसं बोलायला लागतात. कोणी सांगतं रिक्वायरमेंटमध्ये हे लिहिलंच नव्हतं, कोणी सांगतं टेस्टला दिलेले दिवस दोनदा कमी केले, कोणी सांगतं टेस्ट सर्व्हरवर पन्नास बिलं आहेत आणि गिऱ्हाइकाकडे पन्नास हजार. मीटिंगमध्ये माणूस घाबरला तर तो माहिती लपवतो, आणि लपवलेली माहिती पुढच्या रिलीजला बग होऊन बाहेर येते, हे तुमच्या साहेबांना नफ्या-तोट्याच्या भाषेत सांगता येतं.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी करा. सही करताना काय तपासलं त्याच्यासोबत काय तपासलं नाही तेही लिहा, वेळ नव्हता तर तसं लिहा, हे मेलवर जाऊ दे. आणि गिऱ्हाइकाकडून आलेला प्रत्येक खरा बग दुरुस्त व्हायच्या आधी त्याची टेस्ट लिहा, जी आत्ता नापास होईल आणि दुरुस्तीनंतर पास होईल. ती टेस्ट कायमची ठेवायची. वर्षभरात तुमच्याकडे गिऱ्हाइकांनी शिकवलेल्या टेस्टचा असा साठा होतो की नवीन कोणी कंपनीत आलं तर ते आधी तुमच्याकडे विचारायला येतं. एवढं करूनही सगळ्यांसमोर पाणउतारा चालूच राहिला तर मग मात्र दुसरीकडे बघा, तब्येतीपेक्षा ती सही मोठी नाही.

प्रश्न : माझं लालबागला मसाल्याचं दुकान आहे. ज्या कंपनीचं ॲप वापरतो त्यांच्या अपडेटनंतर रोजचा हिशोब आणि गल्ला जुळत नाही. फोन केला की म्हणतात, शेठ असं फक्त तुमच्याकडेच होतंय. मुलगा म्हणतो आपलंच चुकत असेल. तक्रार नीट कशी करायची?

उत्तर : दादा, ‘फक्त तुमच्याकडेच’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसांना १९९९ पासून होरायझन नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर दिलं गेलं, त्यात पैसे कमी दिसायला लागले, पोस्ट चालवणाऱ्या कित्येकांनी फोन करून सांगितलं आणि त्यांना हेच उत्तर मिळालं की बाकी कोणाला असा त्रास नाहीये. नऊशेहून जास्त लोकांना चोरी, अफरातफर अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं, कित्येकांनी घरं विकून भरपाई केली. सॉफ्टवेअरमध्येच चुका होत्या हे लंडनच्या हायकोर्टाने २०१९ मध्ये मान्य केलं, आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडलं. तुमचं प्रकरण तेवढं मोठं नसेलही, पण मुलाला हे वाचून दाखवा.

तीन-चार दिवस रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजा आणि ॲपचा आकडा शेजारी वहीत लिहा. फरक कोणत्या दिवशी आला ते दिसलं की त्या दिवसाची बिलं बघा, परत घेतलेला माल, अर्धे रोख अर्धे यूपीआय असं बिल, रद्द करून पुन्हा केलेलं बिल, फरक बहुतेक अशा ठिकाणी असतो. मग कंपनीला लिहून पाठवा, फोनवर नको. मी हे केलं, एवढा आकडा यायला हवा होता, एवढा आला, तारीख आणि वेळ ही, बिल नंबर हा. सोबत स्क्रीनशॉट द्या पण त्यावरचे गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर झाका. टिकेटचा नंबर मागून घ्या आणि पुढचं सगळं बोलणं त्याच नंबराखाली करा. बाजारातल्या अजून दोघा-तिघांकडे तेच ॲप असेल तर त्यांनाही अशी वही ठेवायला सांगा, चार दुकानांच्या चार तक्रारी एकत्र गेल्या की ‘फक्त तुमच्याकडेच’ म्हणता येत नाही.

आणि एक काळजी घ्या. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका, ॲपच्या आत दिलेलाच लावा. समोरचा माणूस स्क्रीन बघायचं दुसरं ॲप टाका म्हणाला किंवा ओटीपी मागितला तर तो कंपनीचा माणूस नाही असं समजून फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर बँकेला कळवताना १९३० वरही लगेच तक्रार नोंदवा.